मागच्या खोलीचा पंचनामा

जालन्यात आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहायचो, ते घरमालक पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले होते आणि सगळी गल्ली त्यांना जमादारच म्हणायची. त्यांनी दोन भयकादंबऱ्या लिहिल्या. दुसरी ही पहिलीचा पुढचा भाग. त्या दुसऱ्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर पंच म्हणून माझी सही छापलेली आहे. मी बियाण्याच्या कंपनीत हिशेबनीस होतो. बेरीज दोन्ही बाजूंनी जुळल्याशिवाय मी कशाखाली सही करत नाही. या सहीच्या वरचा मजकूर अक्षरन् अक्षर खरा आहे, कारण तो माझ्यासमोर लिहिला गेला. तरीही आपण नक्की कशाखाली सही केली, हे मला आजही सांगता येत नाही.

जमादारांची ओळख आम्हाला लोणच्याच्या बरणीवरून झाली. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. स्वयंपाकघरात बरणी फुटली, बायको झाडू घेऊन धावली, तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "हात लावू नका!" जमादार दारात उभे. त्यांनी मला आणि दूधवाल्याला बोलावून घेतलं, दोघांना दोन बाजूंना उभं केलं, आणि बरणीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, तेल किती लांब वाहत गेलंय, ते कागदावर लिहून काढलं.

बायको म्हणाली, "काका, मांजरीनं पाडली हो. दुसरं कोण?"

"मांजर पाह्यली का?"

"पाहिली नाही, पण खिडकी उघडी होती..."

"मंग मांजर लिहिता येत न्हाई. उघडी खिडकी लिहितो."

असा माणूस. 'ऐकीव' हा त्यांचा आवडता शब्द होता आणि तो ते तोंडातला खडा बाहेर टाकावा तसा उच्चारत. वर्तमानपत्र त्यांच्या लेखी ऐकीव होतं. रेडिओवरच्या बातम्या ऐकीव. पाऊस पडतोय असं कुणी म्हटलं तर ते दारापर्यंत जाऊन हात बाहेर काढत आणि मगच छत्री घेत. गल्लीतल्या भांडणात त्यांना कुणी निवाडा विचारला, तर "मी हजर न्हवतो" म्हणून उठून जात. मला हे आवडायचं. माझ्याही धंद्यात व्हाउचर नसेल तर खर्च झालाच नाही असं धरतात.

अशा माणसानं भुतांच्या गोष्टी का लिहाव्यात?

झालं ते असं. बसस्टँडच्या मागे रफिकभाईंनी व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं होतं. दारावर जाड पडदा, आत अंधार आणि सारख्या किंकाळ्या. आजूबाजूच्या दुकानदारांना संशय आला. त्यांनी जमादारांना गळ घातली की तुम्ही खात्यातले, जरा आत काय चालतं ते पाहून या. जमादार पडदा सारून आत गेले. टीव्हीच्या पडद्यावर एक मोठी परदेशी कोठी होती आणि जिन्यापाशी एक प्रेत पडलं होतं. जमादारांच्या देखत ते प्रेत उठलं आणि चालायला लागलं. जमादार खुर्ची ओढून बसले ते पार्लर बंद होईपर्यंत बसले.

दुसऱ्या दिवशी ते फुलस्केप कागद आणि पुठ्ठा घेऊन निघाले. वाटेत मला म्हणाले, "हिशेबनीस, चला. पंच लागतो."

"कशाला?"

"इतकी प्रेतं पडून राह्यली तिथं, अन् एकाचाबी पंचनामा न्हाई! हे बराबर हाय का?"

मी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. सुट्टीचा दिवस होता आणि त्यांच्या बोलण्यात चूक सापडत नव्हती.

खेळ रफिकभाई स्वतः खेळत. हातात बंदूक घेतलेला एक माणूस कोठीच्या खोल्या-खोल्यांतून फिरतो आणि मेलेली माणसं त्याच्या अंगावर येतात, असा तो खेळ. त्याचं इंग्रजी नाव रफिकभाईंना नीट येत नव्हतं. ते त्याला 'भूतवाला' म्हणत. जमादार दर प्रेतापाशी त्यांना थांबवत.

"थांब. कोटाचा रंग कोणता?"

"साब, ये मुर्दा मेरे कू खारा, और तुम उसके कोट का रंग पूछरे!"

"खाऊ दे. रंग सांग."

अशी ती कादंबरी तयार झाली. नाव 'मुडद्यांची कोठी'. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसनं ती छापली आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांनी ठेवून घेतली. तिची भाषा मी कुठल्याही दुसऱ्या पुस्तकात पाहिलेली नाही. एक नमुना देतो. "पुरुष जातीचे प्रेत, वय अंदाजे पन्नास, बांधा सडपातळ, अंगात हिरवट कोट, डावी बाही फाटलेली. सदर प्रेत जिन्याच्या पायथ्याशी पालथे मिळून आले. थोड्या वेळाने सदर प्रेत उठले व पूर्वेकडे चालत गेले." पुढे काही नाही. घाबरला, थरथरला, काळीज हललं, असलं एक अक्षर नाही. मी हसत वाचायला घेतली आणि मधेच केव्हातरी उठून आमच्या खोलीचं दार लावून आलो.

कादंबरीचा शेवट फार गाजला. नायक कोठीच्या मागच्या बाजूला एका बंद खोलीपाशी येतो, दाराला हात लावतो, आणि पुस्तक संपतं. वाचनालयवाले सांगत, लोक पान उलटून उलटून बघतात की पुढची पानं फाटली तर नाहीत. एका मास्तरांनी तर हे फार मोठं कलात्मक धाडस असल्याचं मला सांगितलं. खरी गोष्ट अशी की तिथं लोडशेडिंग सुरू व्हायचं. त्या दारापाशी पोचेपर्यंत रोज वीज जायची. खेळ जिथं थांबला तिथून पुढे चालू करायचं एक छोटं कार्ड असतं म्हणे. रफिकभाईंचं कार्ड बिघडलेलं होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

रफिकभाई वैतागून म्हणत, "साब, तुम मुर्दे गिनना छोडो तो दरवाजा आरामसे खुलता."

जमादार म्हणत, "घाई कशाची?"

तेव्हा मला वाटलं होतं, हा त्यांचा काटेकोरपणा.

आता जी चूक झाली ती सांगतो. ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. पंचनामा म्हटला की जागेची चतुःसीमा लिहावी लागते, चारी बाजूंना काय काय आहे ते. परदेशातल्या कोठीची चतुःसीमा जमादारांना माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि माहीत नसलेलं ते लिहीत नसत. पण चतुःसीमेशिवाय पंचनामा सुरूही करता येत नव्हता. मग त्यांनी जी एकच चतुःसीमा समक्ष पाहिलेली होती ती घातली. म्हणजे आपल्या घराची. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला, दक्षिणेस लिंबाचे झाड व मोकळा प्लॉट, उत्तरेस शेजारीण काकूंचं घर. काकूंचं नाव तेवढं त्यांनी गाळलं. खोल्यांच्या जागाही त्यामुळे आमच्याच घराच्या झाल्या, आणि ती बंद मागची खोली नाल्याच्या बाजूला आली. आमच्या घरात त्या जागी माझी धाकटी बहीण शैला राहायची. ती डी.एड. करायला बदनापूरकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे आली होती.

शैलासाठी त्या वर्षी मंठ्याचं स्थळ आलं. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलाला मुलगी पसंत पडली, आणि शैला, जिनं आधीच्या प्रत्येक स्थळाला काही ना काही नाव ठेवलं होतं, ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, ह्याला नाही म्हणू नका." आमच्या घरात एवढं पुरेसं होतं.

मुलाकडून बोलणी करणारे त्याचे मामा होते. धिप्पाड गृहस्थ, आडत दुकान चालवणारे, आणि गिऱ्हाईक नसलं की दुकानात बसून भाड्याच्या कादंबऱ्या वाचणारे. चहा घेताना त्यांचं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ते सारखे खिडकीतून लिंबाकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "पाव्हणं, मागं नाला हाय का?"

"आहे."

"अन् नाल्याच्या अंगाला एक खोली?"

"आहे की. शैलाची खोली."

मामांनी कप खाली ठेवला. "ती खोली उघडी असती का?" असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टोपी डोक्यावर घातली.

आठवड्यानं निरोप आला. मुलाच्या आईचं मन धजत नाही. त्या घराविषयी छापून आलंय म्हणे. मी मंठ्याला जाऊन समजावलं की ती कादंबरी आहे. मामा म्हणाले, "कादंबरी हाय, मान्य. पण त्यात खोटं एकबी अक्षर न्हाई. लिंब हाय, नाला हाय. मंग खोलीतलंच तेवढं खोटं कसं?" हिशेबात मीही असाच विचार करतो. बाकीच्या नोंदी जुळल्या तर उरलेली नोंद खरी धरतो.

शैलानं मात्र सरळ जमादारांना गाठलं. "काका, तुम्ही माझ्या खोलीत मुडदा ठेवलाय. तो आधी बाहेर काढा."

"मी न्हाई ठेवला, पोरी. मी दार लिहिलं. आत काय ते लिहिलंच न्हाई."

"तेच म्हणते मी. तुम्ही रिकामी जागा सोडली, आता मंठ्याचे लोक तिच्यात काहीबाही भरून राह्यलेत. माझं लग्न मोडतंय, कळतंय का?"

जमादारांना कळत होतं. त्यांचं जेवण कमी झालं. त्यांनी रफिकभाईंना त्या खेळाचा दुसरा भाग औरंगाबादहून आणवायला लावला. ठरलं असं, की दुसऱ्या भागात दार उघडेल, आत जे असेल ते लिहायचं, आणि काही नसलं तर मामांच्या हातात पुस्तक ठेवायचं. सीडी आली. आम्ही दोघं पुठ्ठा घेऊन बसलो. खेळ सुरू झाला आणि पडद्यावर एक अख्खं शहर आलं. जळत्या मोटारी, गल्ल्या, दवाखाना. माणूसही दुसराच.

"कोठी कुठाय?" जमादारांनी विचारलं.

"इसमें कोठी नै साब. ये पार्ट टू है."

"पण ते दार?"

"वो दरवाजा वहींच रह गया."

चार-पाच प्रेतं समोरून चालत गेली, जमादारांनी एकही लिहून घेतलं नाही. घरी येताना मी त्यांना म्हटलं, "जमादारसाहेब, एवढं कशाला? लिहून टाका, खोली रिकामी होती. मी रोज बघतो ती खोली."

ते रस्त्यात थांबले. "तुम्ही पाह्यली. मी न्हाई."

मला वाटलं ते खेळातल्या खोलीबद्दल बोलतायत. मग लक्षात आलं की नाही. इतक्या वर्षांत हा माणूस आमच्या मागच्या खोलीत एकदाही आलेला नव्हता. छत गळलं तेव्हा गवंड्याला आत धाडून आपण अंगणात उभे होते. वीजमंडळाचा माणूस आला तेव्हा तेच. काही सांगायचं असलं तर लिंबाखालून हाक मारत. मी माझ्याच राहत्या घरातली एवढी मोठी गोष्ट कशी पाहिली नाही, याचा मला उलगडा होईना.

शेजारीण काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला ठाव न्हाई? त्यांची मंडळी त्याच खोलीत गेली. हे रामनवमीच्या बंदोबस्ताला जांबला गेल्ते. निरोप धाडला म्हणतात, पोचला न्हाई म्हणतात. चैताचं ऊन, ठेवणार किती? आले तवर समदं उरकलं होतं, अन् माहेरच्यांनी तिचं सामानसुमानबी आवरून नेल्तं. तवापासून त्यांनी त्या दाराला हात लावला न्हाई."

हे ऐकून मी आणखीच गोंधळलो. रफिकभाईंच्या पार्लरमध्ये रोज दारापाशी येऊन वीज जायची, ती खरोखर वीज जायची की जमादार तिला जायला वेळ द्यायचे? दोन्ही खरं असेल. असा ताळा मला मांडता येत नाही.

मी विषय सोडून दिला होता. एका सकाळी जमादारच आले. "मंठ्याच्या मामाला पत्र घातलंय. पंच म्हणून हजर राहावे असं. बुधवारी येत्यात."

"कशाचा पंच?"

"भाग दोनचा."

मामा आले. आपल्याला पंच केल्याचा अभिमान आणि भीती दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर होती. बस उशिरा आल्यामुळे ऊन चढलं होतं. जमादारांनी पांढरा शर्ट घातला होता, दाढी केली होती. आम्ही तिघं मागच्या खोलीच्या दाराशी गेलो; पुढे जमादार, मग मी, आणि माझ्या पाठीमागे, माझा खांदा धरून, मामा. जमादारांनी दाराला हात लावला आणि नेमकी वीज गेली. बाहेरच्या खोलीतला पंखा थांबताना कुरकुरला. मामांची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

"इथंच संपलं होतं," मामा पुटपुटले.

जमादार तसेच उभे राहिले. हात दारावर, पण हात ढकलत नव्हता. मला वाटलं, आता ते वळून म्हणतील, उद्या परत पहिल्यापासून. तेवढ्यात आतून शैलाचा आवाज आला, "काका, खिडकी उघडलीय मी. उजेड पुरतो. या." आणि तिनं आतून दार ओढलं.

जमादार आत गेले. आधी खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी दिशा ठरवल्या. मग बोलत बोलत लिहायला लागले. दक्षिण भिंतीत खिडकी, दोन झडपांची. गाद्यांची वळकटी. शिलाई मशीन, पायाचे, चालू स्थितीत. डी.एड.ची पुस्तके. आरसा, त्यावर चिकटवलेल्या टिकल्या. मामा हळूहळू माझ्या मागून पुढे आले आणि टिकल्या मोजण्यात मदत करायला लागले.

"स्त्री जातीची इसम एक," जमादारांनी शैलाकडे पाहून लिहिलं, "वय अंदाजे एकवीस."

"काका, जिवंत लिहा आधी!"

"जिवंत. उलट उत्तरे देताना मिळून आली."

मामा मोठ्यानं हसले. त्या क्षणी लग्न जमलं, हे मला कळलं. पुढे तेच मंठाभर सांगत फिरले, की मी स्वतः पंच होतो, खोली मी पाहिली आहे, आणि मुलाच्या आईनं अक्षता पडेपर्यंत एकदाही शंका काढली नाही. पुस्तकाचं म्हणाल तर जमादारांनी नंतर पार्लरमध्ये बसून लिहिलेला त्याचा शहराचा भाग कुणाला आवडला नाही, आणि शिलाई मशीन पाहून वाचक चिडले. पण शेवटच्या ओळीवर सगळे अडत. पुस्तक परत करताना लोक वाचनालयवाल्यांना विचारत, तिथं काय होतं? तिसरा भाग कधी? एका बाईनं म्हणे ती ओळ वाचून घरातल्या सगळ्या खुंट्यांना काही ना काही अडकवून ठेवलं. हे ऐकीव आहे.

तर ती ओळ. सगळं लिहून झालं होतं. जमादार पश्चिमेच्या भिंतीशी गेले. तिथं दाराच्या चौकटीच्या उंचीवर एक जुनी लाकडी खुंटी होती. आम्ही तिचा कधी उपयोग केला नव्हता, ती जरा उंच होती. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "पश्चिम भिंतीत लाकडी खुंटी एक. खुंटीवर काही नाही."

माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. मी म्हटलं, "साहेब, जे नाही ते पंचनाम्यात येत नाही. तुम्हीच सांगता. मांजर लिहिली नव्हती तुम्ही."

"मांजर मी पाह्यली न्हवती," ते म्हणाले. "हे पाह्यलं. खुंटीवर काही न्हाई, हे मी आज समक्ष पाह्यलं."

मामांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळ मनानं विचारलं, "का हो जमादार, तिथं काय होतं?"

जमादारांनी पेनाला टोपण लावलं. "बंदोबस्ताला निघालो तवा मंडळीची पिशवी होती तिथं. मी आलो तवा न्हवती. मधलं समदं ऐकीव."

त्यांनी पुठ्ठा पुढे केला. मामांनी सही केली. मग मी केली.